आलं चालत नाही, साखर मात्र कितीही चालते!



मालवणच्या बाजारात खाजं घेताना आपल्यातली बाई दुकानदाराला एक प्रश्न हमखास विचारते, "दादा, यात आलं आहे का?" बेसनाच्या जाड शेवेवर गुळाचा पाक चढवताना त्यात आलं घालायची इथली रीत आहे. आलं म्हणजे कंदमूळ. ते असेल तर आपण पुडी परत ठेवतो. सुंठ घातलेलं मिळालं, की अर्ध्या किलोच्या जागी दोन किलो घेतो. एक पुडी माहेरी, एक नणंदेकडे, उरलेलं डब्यात. त्या पाकात गूळ किती, आणि घरी तो डबा उघडणाऱ्या सहा माणसांपैकी दोघांना मधुमेह आहे, हा विचार त्या सगळ्या व्यवहारात कुठेच येत नाही.

आल्याबद्दल विचारू नका, असं मी मुळीच म्हणत नाही. मीही विचारते. बिस्किटाच्या पुड्यावर हिरवा ठिपका बघते, जेलीत जिलेटिन आहे का ते वाचते, फरसाणात लसणाची पावडर शोधते. पुड्यामागची बारीक अक्षरं आपल्याइतक्या चिकाटीने वाचणाऱ्या बायका थोड्याच असतील. मग तीच नजर त्याच पुड्यावरच्या 'अ‍ॅडेड शुगर' या ओळीवर का थांबत नाही? 'जैन' असा शिक्का असला की पदार्थ शुद्ध, आणि शुद्ध म्हटल्यावर कितीही खावा, असा समज आपल्या घरांत मुरला आहे. जैन पावभाजी, जैन केक, जैन मिठाई. आजचं लिहिणं त्या समजाविरुद्ध आहे. थोडं टोचेल, तरी शेवटपर्यंत वाचा.

धर्माने साखरेला मोकळीक दिली आहे का?

पाठशाळेत आपण सहा बाह्य तपं घोकली होती. अनशन, अवमौदर्य, वृत्तिपरिसंख्यान, रसपरित्याग, विविक्त शय्यासन, कायक्लेश. यातलं अनशन आपल्याला नीट आठवतं, कारण उपवास दिसतो, त्याचं कौतुक होतं, मिरवणूक निघते. चौथं तप रसपरित्याग. दूध, दही, तूप, तेल, मीठ आणि गोड हे सहा रस. त्यातला एखादा किंवा सगळे ठरवून सोडायचे. श्वेतांबर मैत्रिणी याला विगई म्हणतात, त्यांच्याही यादीत गूळ-साखर आहेच, आणि आयंबिलाच्या ओळीत चैत्रात नऊ दिवस, आश्विनात नऊ दिवस त्यांच्या ताटात ती नसते. आपल्या काही घरांत अजून वारानुसार एकेक रस सोडायची पद्धत आहे. त्यात मंगळवारी गोड नाही.

म्हणजे साखर ही सोडायच्या, निदान मोजायच्या वस्तूंत आपल्या आचार्यांनी केव्हाच बसवून ठेवली आहे. श्रावकाच्या व्रतांत भोगोपभोगपरिमाण आहे. परिमाण म्हणजे माप. जे भोगायचं त्याचं माप आधी ठरवायचं, मग हात पुढे करायचा. साड्यांचं, दागिन्यांचं परिमाण घेणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत. साखरेचं घेणारी अजून भेटायची आहे.

कुणी म्हणेल, गोड सोडणं आम्हा संसारी बायकांना कुठलं जमायला? मला हे पटत नाही. मद्य, मांस आणि मधु यांचा त्याग आपल्या मूलगुणांत आहे. मध ही निसर्गातली अतिशय गोड वस्तू. कोकणातल्या रानात पोळी लागतात, शेजारच्या घरी मधाची बाटली असते, खोकला झाला की वैद्यही मधातून चाटण सांगतात. आपण आल्याचा सोडा, मधाचाही थेंब घेत नाही. पिढ्यान् पिढ्या घेतला नाही आणि त्यावाचून कुणाचं अडलं नाही. ज्या जिभेला मध सोडता आला, तिला चहातला एक चमचा कमी करता येत नाही, हे कसं मानायचं?

आणि चौका आठवा. महाराज किंवा माताजी विहार करत आले की आपण आहाराची तयारी करतो. त्यांचा मिठाचा त्याग, साखरेचा त्याग आधी विचारून घेतो, आणि तसा स्वयंपाक किती आनंदाने करतो! आचार्य विद्यासागर महाराज आपल्या शेजारच्या बेळगाव जिल्ह्यात, सदलग्याला १९४६ साली जन्मले, २०२४च्या फेब्रुवारीत त्यांची समाधी झाली. त्यांनी मीठ आणि साखर दोन्ही आयुष्यभरासाठी सोडल्याचं आपण सगळ्याजणी अभिमानाने सांगतो. सांगून झालं की सभेबाहेर पेढ्याचं खोकं उघडतो. चौक्यात बिनसाखरेचं शिजवता येणाऱ्या हातांना घरच्या स्वयंपाकघरात ते जड जातं, याला सवय म्हणतात. धर्माचं नाव तिला देऊ नका.

गोडाला धर्मात जागाच नाही, असंही नाही. अक्षय्य तृतीयेची कथा काय सांगते? आदिनाथ भगवंतांना वर्षभराहून अधिक काळ आहार मिळाला नाही, कारण मुनींना आहार कसा द्यायचा हेच लोकांना ठाऊक नव्हतं. मग हस्तिनापुरात राजा श्रेयांसाने त्यांच्या ओंजळीत उसाचा रस दिला. आपल्या परंपरेतलं पहिलं आहारदान गोडाचंच आहे. पण ते किती काळाने झालं आणि किती मापाने, तेही त्याच कथेत आहे. आपण फक्त उसाचा रस लक्षात ठेवला. ओंजळ विसरलो.

पारणं की पंगत?

कोकणात भाद्रपद कसा असतो, ते घाटावरच्या मैत्रिणींना सांगायला हवं. चतुर्थीला घराघरांत गणपती बसतो, पंचमीला आपलं दशलक्षण सुरू होतं, ते थेट अनंत चतुर्दशीपर्यंत. म्हणजे ज्या दिवसांत आपण एकाशनं, उपवास करतो, त्याच दिवसांत सगळ्या वाडीत मोदक आणि नेवऱ्या तळल्या जात असतात. दरवर्षी शेजारची काकी ताट घेऊन दारात येते आणि मला बघून स्वतःच म्हणते, "वैनी, तुमचे उपास आसत मां? मगे मी तुमका नंतर करून घालतंय." एकदा विचारते, ऐकते, ताट झाकून परत जाते. तिचं प्रेम कमी झालं असं मला कधी वाटलं नाही.

आता आपल्या पारण्याच्या पंगतीत या. माझ्या सासूबाईंना चौदा वर्षांपासून मधुमेह आहे. दहा दिवस त्यांनी एकाशनं केली, गोळ्यांच्या वेळा सांभाळल्या. पारण्याला एका ओळखीच्या घरी गेलो. पानात शिरा, बासुंदी, बुंदीचा लाडू. त्यांनी शिऱ्याचा एक घास घेतला आणि हात आखडला. लगेच वाढणारी आली, "अक्का, दहा दिवस तप केलंत, आज एवढ्याने काय होतंय?" दुसरी आली, "माझ्या हातचा एक तरी." तिसरी म्हणाली, "नको म्हटलंत तर यजमानांना वाईट वाटेल." तिघींना त्यांचा आजार माहीत होता. त्यातल्या एकीला तोच आजार स्वतःला आहे. सासूबाईंनी भिडेखातर सगळं संपवलं. घरी येऊन मोजलं तर यंत्रावर ३४० आकडा आला.

यात पुण्य कुणाला लागलं? आग्रह करणारीला समाधान मिळालं, खाणारीच्या वाट्याला डोळे, पाय आणि किडनीची तपासणी आली. हिंसेचा विचार करताना आपण कृत, कारित आणि अनुमोदित असे तिन्ही प्रकार मोजतो. स्वतः केलेलं, दुसऱ्याकडून करवलेलं आणि दुसऱ्याने केल्यावर बरं वाटून घेतलेलं. एखादीने स्वतःला घातलेलं माप आपण तिच्याकडून मोडून घेतो, ते कारित झालं. बाकीच्या हसत बघत बसल्या, त्यांचं अनुमोदन झालं. मुंगी पायाखाली येऊ नये म्हणून खाली बघून चालणाऱ्या आपण, शेजारी बसलेल्या बाईच्या रक्ताकडे बघत नाही.

प्रभावनेचंही तसंच. प्रभावना हे सम्यग्दर्शनाच्या आठ अंगांतलं एक अंग. धर्माचं तेज लोकांपर्यंत पोचवणं, हा त्याचा अर्थ. आपल्याकडे तो शब्द पेढ्याच्या खोक्यावर येऊन थांबला. विधान झालं, खोकं. प्रवचन झालं, खोकं. कुणाचा नातू पास झाला, खोकं. दहा दिवसांत माझ्याच घरी सात खोकी जमली होती. ती टाकायची कशी? अन्न वाया घालवणं पाप, शिळं ठेवणं मर्यादेबाहेर आणि सूर्यास्तानंतर खायचं नाही. मग दिवस मावळायच्या आत ते संपवतं कोण? घरातली बाई. ओट्याशी उभ्याने, भांडी आवरता आवरता. उरलेला शिरा, मुलांनी अर्धा टाकलेला लाडू, कढईला चिकटलेली बर्फी. हे खाणं ती कधी जेवणात मोजत नाही, डॉक्टरला सांगत नाही. व्रताच्या नावाखाली बाईचं पोट उरल्यासुरल्याची बरणी झालं आहे, आणि यावर आपल्यात कुणी बोलत नाही.

शिवाय अष्टमी-चतुर्दशीला आपण हिरवी भाजी सोडतो, पावसाळ्यात पालेभाज्या सोडतो, कंदमुळं तर नाहीतच. हे सगळं योग्यच आहे. पण भाजी उतरल्यावर ताटातल्या त्या रिकाम्या जागेत काय येतं, ते एकदा बघा. भात वाढतो, पापड येतो आणि एक गोड वाटी येते. तिथे मूग, मटकी, चवळी यायला हवी. सोडलेल्या वस्तूच्या जागी साखर बसली, तर त्यागाने जिभेला उलट बक्षीसच दिलं म्हणायचं.

गुळाची पळवाट

"आम्ही साखर नाही खात, सगळं गुळाचं करतो." हे वाक्य मी आठवड्यातून दोनदा ऐकते. गूळ आपला जुना. घाटावरून गुळाच्या ढेपा खाली यायच्या, इथून मीठ आणि खोबरं वर जायचं. खारेपाटणला आपलं जुनं मंदिर आहे, ते गावच मुळी अशा खाडी-घाटाच्या व्यापाराचं. कोल्हापूरच्या गुळाला २०१४ साली भौगोलिक मानांकनही मिळालं. चव, सुगंध, अभिमान सगळं मान्य. पण गूळ म्हणजे बहुतांश साखरच, त्यात थोडं पाणी आणि थोडे क्षार. रक्तात गेल्यावर शरीर ढेपेची साखर आणि पोत्याची साखर असा भेद करत नाही. गुळातलं लोह मिळावं म्हणून जितका गूळ खावा लागेल, तितक्यात लोहाचा फायदा बाजूलाच राहील.

आपल्या आज्या गूळ खायच्या, हेही खरं. पण कधी? नागपंचमीला हळदीच्या पानातले पातोळे, पावसाळ्यात तवशाचं धोंडस, पाहुणे आले तर नारळाच्या रसात शिरवाळे. प्रत्येक गोडाला एक तिथी किंवा एक निमित्त होतं, आणि ते करायला अर्धा दिवस घाम गाळावा लागायचा. खोबरं किसा, रस काढा, शेवया दाबा. त्या कष्टाने आपोआप परिमाण पाळलं जायचं. आता खारी, टोस्ट, बिस्किट, आइस्क्रीम, दुकानातली बासुंदी, सगळं हाताशी आहे, आणि पातोळेही बारा महिने मिळतात. पदार्थ आजीचाच राहिला, निमित्त मात्र गळालं.

अमृत कोकम घ्या. कोकण्याला त्याचा केवढा अभिमान! रातांब्याच्या सालींच्या साधारण दुप्पट वजनाची साखर बरणीत थरांनी भरतो, उन्हात ठेवतो, आणि पाहुण्याला म्हणतो, "घ्या, पित्ताला चांगलं." कोकम चांगलंच आहे. त्याच कोकमाचं मीठ घातलेलं आगळ आपण करतो, त्यात साखरेचा कण नसतो. पाहुण्याला आगळाचं सरबत, जिरेपूड घालून, साखर वेगळ्या वाटीत, असं का देत नाही? ज्याला हवी त्याने घालून घ्यावी.

आता थोडा हिशेब. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली सांगितलं, की वरून घातलेली साखर, मध, पाक, फळांचे गाळलेले रस हे सगळं मिळून दिवसाच्या एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांच्या आत असावं, ५ टक्क्यांच्या आत आलं तर अधिक बरं. ५ टक्के म्हणजे मोठ्या माणसाला साधारण २५ ग्रॅम, लहान सहा चमचे. आपल्या घरात दिवसाला तीन चहा होतात. दोन-दोन चमच्यांचे तीन चहा म्हणजे सहा चमचे. तिसरा चहा संपला तिथे दिवसाचं माप संपलं. बिस्किट, मुरंबा, आमटीतला गूळ, प्रवचनाचा पेढा, हे सगळं त्यापुढचं. आख्खा हापूस कापून खाल्ला तर तो या मापात धरत नाहीत, पण मधुमेह असेल तर फोडीही मोजाव्या लागतातच.

हे दूरच्या शहरांचं दुखणं आहे, असं समजू नका. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे आकडे २०२३ साली आले. देशात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह, आणि सगळ्या राज्यांत सगळ्यात वर गोवा, २६.४ टक्के. बांद्याची हद्द ओलांडली की गोवा. तेच हवामान, तोच भात, तेच लग्नसंबंध. साखर खाल्ली म्हणून मधुमेह झाला, असं सरळ गणित नाही. आनुवंशिकता आहे, वाढलेलं वजन आहे, दुकानाच्या गल्ल्यावर दिवसभर बसणं आहे. पण आजार घरात आल्यावर रोजच्या गोडाचा वाटा किती, हे तरी आपल्या हातात आहे ना?

एक प्रश्न नेहमी येतो, साखर हाडांनी शुद्ध करतात का? १९०५ नंतरच्या स्वदेशी चळवळीत परदेशी साखरेवर बहिष्कार पडला, तेव्हा हाडांच्या कोळशाचा मुद्दा गाजला होता. आपल्याकडचे साखर कारखाने बहुतेक करून चुना आणि गंधकाचा वायू वापरून उसाचा रस निवळतात. म्हणजे त्या बाबतीत मन शांत ठेवा. पण बघा, साखरेविषयी आपल्याला पडणारा प्रश्न इथेच संपतो. ती कशाने धुतली हे विचारतो, ती किती खाल्ली हे नाही.

विष म्हणणाऱ्यांशीही माझं जमत नाही

आता दुसरी बाजू. मोबाइलवर रोज कुणीतरी ओरडत असतं, साखर म्हणजे पांढरं विष, आजच बंद करा, त्याऐवजी मध घ्या. मध तर आपल्याला चालतच नाही. मग कुणी गोड गोळ्या आणि बिनसाखरेचे थेंब सुचवतं. वजन आटोक्यात ठेवण्यासाठी अशा पर्यायी गोडव्यावर अवलंबून राहू नका, असं जागतिक आरोग्य संघटनेनेच २०२३ साली सांगितलं आहे. मधुमेह असलेल्यांनी आपल्या डॉक्टरांना विचारून ठरवावं. जिभेची ओढ तशीच ठेवून वस्तू बदलली, तर ओढ कुठे कमी झाली?

आपल्या धर्माने बांधणाऱ्या गोष्टी दोन सांगितल्या, राग आणि द्वेष. पेढ्यामागे धावणं हा राग. पेढ्याला विष म्हणून त्याची भीती बाळगणं, खाल्ला की दोन दिवस स्वतःला कोसणं, हा द्वेष. दोन्हीत मन पेढ्यापाशीच अडकलेलं असतं. ३४०चा तो आकडा आल्यावर आमच्या घरात काय झालं, तर मिठाईचे डबे वरच्या फळीवर गेले. सासूबाईंच्या हातावर सगळ्यांची नजर. मुलगा रागावतो, नातवंडंसुद्धा टोकतात, "आजी, तुला नाही!" महिनाभराने लक्षात आलं, की दुपारी घर झोपलं की त्या स्टुलावर चढून डबा काढत होत्या. सत्तरी ओलांडलेली बाई, स्टुलावर, स्वतःच्याच घरात चोरून. पडल्या असत्या तर?

तेव्हापासून आमच्याकडे डबा खालीच आहे. आठवड्यातून एक वार त्यांनी स्वतः ठरवला. त्या दिवशी डॉक्टरांना विचारून ठरलेला एक छोटा तुकडा, जेवणानंतर, ताटात, सगळ्यांच्या पंगतीत बसून खायचा. बाकी सहा दिवस त्याचा त्याग, तो त्यांनी देवापुढे हात जोडून स्वतः घेतला. नियम घरच्यांनी लादला होता तोवर तो मोडत होता. त्यांनी स्वतः घेतला, आणि व्रत झालं. रसपरित्याग शब्दात हेच आहे ना? सोडणारी मी, सोडायचं काय आणि किती ते ठरवणारीही मीच.

मुलींच्या बाबतीत तर जपूनच बोला. वयात येणाऱ्या पोरीला एकीकडे "किती वाळलीस, लाडू खा" आणि दुसरीकडे "फुगत चाललीस, लग्न कसं होणार" हे दोन्ही एकाच घरात, कधी एकाच तोंडून ऐकवलं जातं. त्या पोरीला गोडाचं माप कधी कळणार? अभ्यास केला तर चॉकलेट, रडली तर चॉकलेट, हट्ट केला तर चॉकलेट बंद, असं करून आपणच साखरेला बक्षीस आणि शिक्षा बनवतो.

उपवास आणि गोळी

हे कळकळीने सांगते. ज्यांना इन्सुलिन चालू आहे किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या आहेत, त्यांनी डॉक्टरांशी बोलल्याशिवाय निर्जळ उपवास करू नये. गोळी घेतली आणि पोट रिकामं राहिलं तर रक्तातली साखर धोकादायक उतरू शकते. हात थरथरतात, घाम फुटतो, बोलणं विसंगत होतं. त्या वेळी साखर हेच औषध. शुद्ध असेल तर तीन चमचे साखर पाण्यात घालून लगेच पाजायची, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजायचं, आणि शुद्ध हरपली असेल तर तोंडात काही न घालता दवाखाना गाठायचा. तेव्हा "उपवास मोडेल" म्हणून कुणी अडवायचं नाही. सोळा कारण भावनांत शक्तितस्त्याग आणि शक्तितस्तप आहेत. त्याग आणि तप, दोन्हींच्या आधी 'शक्तितः' हा शब्द लावून ठेवला आहे, तो उगाच नाही. अशा बाईसाठी मापाने गोड सोडणं हेच उपवासाहून मोठं तप ठरू शकतं, आणि त्याला मिरवणूक लागत नाही.

मग काय करायचं?

मी महिला मंडळात यंदा भाद्रपदाआधी तीन गोष्टी मांडणार आहे. पहिली, प्रभावनेत मिठाई नको. वेंगुर्ल्याचे काजू द्या, नारळ द्या, आमसुलं द्या, मुलांना वही किंवा पाठशाळेचं पुस्तक द्या. दुसरी, पारण्याला एकच गोड, तेही वाटीने, आणि साखर न घातलेलं आगळ ठेवायचं. तिसरी, वाढणारीने एकदाच विचारायचं. "नको" ऐकलं की पुढच्या पानाकडे जायचं.

विरोध होणार, हे मला माहीत आहे. मागे नुसता विषय काढला तर एक वहिनी म्हणाल्या, "गोड न वाढणं म्हणजे हात आखडणं. लोक नावं ठेवतील." नावं ठेवणारे इस्पितळात डबा घेऊन येतात का, ते मला दाखवा. दुसरीने विचारलं, "मुलं मंदिरात कशी येणार मग?" पेढ्यासाठी येणारी मुलं पेढा संपला की जाणारच. त्यांना गोष्ट सांगा, भक्तामर शिकवा, पूजेत हाताशी घ्या, ती राहतील. तिसरी म्हणाली, "आयुष्यात तेवढंच तर सुख आहे." हे ऐकून मात्र मी गप्प झाले, कारण ते खरं होतं. आपल्या कित्येक बायकांना दिवसभरात स्वतःसाठी म्हणून मिळतो तो एक चहा आणि त्यासोबतचं बिस्किट. तर मग भांडण साखरेइतकंच त्या दिवसाशीही करायला हवं. तिला अर्धा तास बसायला मिळू द्या, सामायिकाला, फिरायला, मैत्रिणीशी बोलायला. बशीतल्या गोडाचं ओझं आपोआप हलकं होईल.

तोवर प्रत्येकीने घरी एक करा. उद्या सकाळी घरच्या साखरेच्या डब्यात किती साखर आहे ती तोला आणि कागदावर लिहा. महिन्याला किती आणता, घरात माणसं किती, भागाकार करा. तो आकडा समोर आला की स्वतःचं परिमाण स्वतः ठरवा. कुणाचा उद्याच एक चमचा कमी होईल, कुणी मंगळवार धरेल, कुणी चातुर्मास. जितकी शक्ती, तितकं. आणि मंडळाच्या बैठकीला मात्र या, कारण हात वर करायला मला चार जणी तरी सोबत हव्या आहेत.

जय जिनेंद्र!